नव्या अणुइंधनावर मी लेखी प्रश्न पाठवले, त्याची हकीकत

अमेरिकेतल्या अणुवीज कंपन्यांना भट्टीतलं इंधन बदलायचं आहे. आज जे युरेनियम वापरतात त्यात युरेनियम-२३५ चं, म्हणजे फुटून ऊर्जा देणाऱ्या भागाचं, प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. खाणीतून निघतं तेव्हा ते जेमतेम ०.७ टक्के असतं, समृद्धीकरण करून तिथवर न्यावं लागतं. आता ते ५ टक्क्यांच्या पुढे न्यायचं, इंधन भट्टीत जास्त काळ ठेवायचं, आणि इंधनाच्या गोळ्या ज्या झिर्कोनियमच्या नळ्यांत भरतात त्यांच्यावर क्रोमियमचा पातळ थर चढवायचा, असा एकंदर बेत आहे. याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा मसुदा अहवाल तिथल्या अणुनियामक आयोगाने, म्हणजे एनआरसीने, २०२३ साली काढला आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या. मी त्यावर लेखी प्रश्न पाठवले. कुठे उत्तर मिळालं, कुठे नाही, ते सविस्तर लिहिते आहे.

मी जॉर्जियात, सवाना नदी समुद्राला मिळते त्या भागात राहते. नदीच्या वरच्या अंगाला वेन्सबरो गावाजवळ प्लान्ट व्होगल आहे. तिथे चार भट्ट्या. पहिल्या दोन १९८०च्या दशकाअखेरीच्या, तिसरी २०२३ मध्ये आणि चौथी २०२४ मध्ये सुरू झाली. नदीपलीकडे, दक्षिण कॅरोलायनाच्या बाजूला, सवाना रिव्हर साइट आहे. शीतयुद्धाच्या काळात अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार) तिथे तयार होत असे. १९९१च्या डिसेंबरात तिथल्या के भट्टीतून ट्रिटियम मिसळलेलं पाणी नदीत गेलं, आणि खालच्या ब्यूफोर्ट-जॅस्पर पाणीयोजनेला नदीतून पाणी उचलणं थांबवावं लागलं. मी इथे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. ट्रिटियमचा विषय निघाला की जुनी माणसं अजूनही त्या डिसेंबराबद्दल बोलतात. नदीवर वरच्या बाजूला काही बदललं, तर खाली राहणाऱ्याने चौकशी करायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

दुसरं कारण बोईसरचं. माझे वडील तारापूरला इंधन भरणीच्या कामावर होते. मी कॉलनीत लहानाची मोठी झाले, बाबांच्या पगारावर शिकले. अणुविजेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. पण भट्टीत काय घालायचं आणि बाहेर काढल्यावर त्याचं काय करायचं, हे आजूबाजूच्या लोकांना विचारून व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आधी नळीवरच्या थराबद्दल. झिर्कोनियम साध्या वापरात उत्तम धातू आहे, न्यूट्रॉन फारसे खात नाही. पण थंड करणारं पाणी तुटलं आणि तापमान खूप चढलं, की वाफेशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमाला इमारतींची छपरं उडाली ती याच हायड्रोजनच्या स्फोटांनी. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने ऊर्जाखात्याला अशा प्रसंगात जास्त वेळ टिकाव धरेल असं इंधन शोधायला सांगितलं. क्रोमियमचा थर त्यातूनच आला. ही गोष्ट चांगली आहे, आणि ती लवकर व्हावी.

समृद्धीकरण वाढवण्यामागचं कारण मात्र मुख्यतः हिशेबाचं. जास्त समृद्ध इंधन भरलं की भट्टी १८ महिन्यांऐवजी २४ महिने सलग चालवता येते. इंधन बदलायला थांबणं कमी होतं, खर्च वाचतो. यात गैर काही नाही. फक्त अहवालात सुरक्षिततेचा थर आणि हिशेबाचं समृद्धीकरण एकाच नावाखाली येतं, त्यामुळे वाचणाऱ्याने दोन्ही वेगळं धरून वाचावं लागतं. थराचं कौतुक वाचता वाचता पुढची आकडेवारी नजरेतून निसटू शकते.

आकडे असे. समृद्धीकरण ८ टक्क्यांपर्यंत, आणि बर्नअप टनामागे ८०,००० मेगावॉट-दिवसांपर्यंत, एवढ्या मर्यादेत हा अहवाल परिणाम तपासतो. बर्नअप म्हणजे एक टन युरेनियममधून एकूण किती उष्णता काढून घेतली त्याचं माप. सध्या अमेरिकेत एका इंधननळीला साधारण ६२,००० पर्यंत जाऊ देतात. म्हणजे उडी लहान नाही.

अहवाल हातात घेतल्यावर पहिले काही दिवस मी नुसती अडखळत होते. शेकडो पानं, दर दोन ओळींनी कुठल्यातरी जुन्या दस्तऐवजाचा हवाला, आणि तो दस्तऐवज आयोगाच्या संग्रहात जाऊन वेगळा उतरवून घ्यायचा. मग लक्षात आलं की सगळ्या इमारतीचा पाया दोन तक्त्यांवर आहे. नियमपुस्तिकेत त्यांना तक्ता एस-३ आणि तक्ता एस-४ म्हणतात. हे दोन तक्ते म्हणजे आपल्याकडच्या मुद्रांक कार्यालयातला रेडी रेकनर. प्रत्येक प्रकल्पासाठी खाणीपासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब नव्याने करायचा नाही, तक्ता उघडायचा आणि दर लावायचा.

एस-३ हा १९७०च्या दशकातला. १,००० मेगावॉटच्या एका नमुना भट्टीला वर्षभर इंधन पुरवायचं तर किती जमीन लागेल, किती पाणी, किती वायू हवेत जातील, किती किरणोत्सर्गी द्रव्यं बाहेर पडतील, अशा ओळी खाली खाली येतात. एका ओळीपाशी मी थांबले. वर्षाला १ लाख १८ हजार टन कोळसा, म्हणजे ४५ मेगावॉटच्या कोळशाच्या वीजकेंद्राला लागतो तेवढा. अणुइंधनाच्या तक्त्यात कोळसा कशाला? तर त्या काळी युरेनियमचं समृद्धीकरण वायू-विसरण पद्धतीने होई. त्या कारखान्यांना प्रचंड वीज लागे आणि ती वीज कोळशावर तयार होई. पद्यूकाचा शेवटचा असा कारखाना २०१३ मध्ये बंद झाला. आज न्यू मेक्सिकोत युनिसला जे काम चालतं ते सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांवर, आणि त्याला विजेचा अगदी थोडा हिस्सा पुरतो.

अहवालाचा युक्तिवाद इथेच आहे. समृद्धीकरण ५ वरून ८ टक्क्यांवर नेलं तर काम वाढेल, पण जुना तक्ता इतक्या खर्चीक पद्धतीवर आधारलेला आहे की वाढलेलं कामही त्याच्या आत बसतं. मी कागदावर आकडे मांडून पाहिले. विजेच्या बाबतीत हे म्हणणं पटलं, आणि माझ्या पत्रात मी तसं लिहिलंही. जिथे पटलं तिथे पटलं म्हणून लिहिलं, की पुढचा प्रश्न वाचणारा तो मोकळ्या मनाने वाचतो.

पण त्याच एस-३ ला तळटिपा आहेत, आणि त्या मी सगळ्यांना वाचायला सांगेन. युरेनियमच्या खाणीतून आणि चुऱ्याच्या ढिगांतून निघणाऱ्या रेडॉन-२२२ चा आकडा त्यात धरलेला नाही. टेक्निशियम-९९ चाही नाही. या द्रव्यांमुळे माणसाच्या आरोग्यावर काय होईल, तेही त्यात येत नाही. अणुकचऱ्याच्या कायमच्या दफनभूमीतून काहीही बाहेर गळणार नाही, शून्य, असंही गृहीत धरलेलं आहे. हे शून्य मान्य करायचं का, हा वाद थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, आणि १९८३ मध्ये कोर्टाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. ती दफनभूमी आजही झालेली नाही. नेवाडातल्या युक्का माउंटनची निवड १९८७ मध्ये झाली, आणि २०१०-११ च्या सुमारास काम पैशांअभावी थांबलं ते थांबलंच.

एस-४ वाहतुकीचा. तो जसाच्या तसा लावायचा तर समृद्धीकरण ४ टक्क्यांच्या वर नको, सरासरी बर्नअप टनामागे ३३,००० च्या वर नको, आणि वापरलेलं इंधन भट्टीतून काढल्यावर निदान ९० दिवसांनी हलवायचं, अशा अटी नियमातच लिहिलेल्या आहेत. १९८८ मध्ये आयोगाने एक अभ्यास करून ती छत्री ५ टक्के आणि ६०,००० पर्यंत ताणली. आता ती ८ टक्के आणि ८०,००० पर्यंत ताणायची आहे. दर वेळी निष्कर्ष हाच, की परिणाम पूर्वीच्या मर्यादेत बसतात. कदाचित बसतही असतील. पण मूळ मोजमाप ३३,००० चं होतं हे विसरून चालणार नाही, म्हणून पत्रात मी तो आकडा सगळ्यात वर घातला.

मसुद्यावर ऑनलाइन सभाही झाली. सूत्रसंचालक एकेकाचं नाव पुकारत, माइक उघडत, आणि ठरलेल्या वेळात बोलायचं. कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी नव्या इंधनामुळे नोकऱ्या कशा टिकतील ते सांगितलं. एका बाईंनी वाहतुकीच्या रस्त्यांवरून बारीक प्रश्न विचारले. त्यांची तयारी ऐकून मी माझं टिपण तिथल्या तिथे निम्म्याने कमी केलं. जे विचारायचं ते त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं विचारलं होतं.

मी एकच विचारलं, पाण्याचं. व्होगलसारख्या दाबाच्या पाण्याच्या भट्टीत इंधन ताजं असताना त्याचा जोर आवरायला थंड करणाऱ्या पाण्यात बोरॉन मिसळतात. बोरॉनवर न्यूट्रॉन आदळले की थोडं ट्रिटियम तयार होतं. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच एक जड प्रकार. पाण्याचाच भाग होऊन जातं, गाळण्यांनी निघत नाही, आणि शेवटी ठरलेल्या मर्यादेत राहून नदीत सोडलं जातं. इंधन जास्त समृद्ध आणि फेरी २४ महिन्यांची, म्हणजे सुरुवातीचा जोरही जास्त. तो आवरायला बोरॉन वाढवणार, की गोळ्यांतच गॅडोलिनियमसारखी न्यूट्रॉन खाणारी द्रव्यं घालणार? बोरॉन वाढलं तर नदीत जाणारं ट्रिटियम किती वाढेल?

उत्तर सभ्यपणे आणि सरळ मिळालं. हा अहवाल इंधनाची निर्मिती, वाहतूक, कचरा आणि भट्टी मोडीत काढणं एवढ्यापुरता आहे. एखाद्या ठिकाणी नदीत काय सोडलं जाईल याचा विचार त्या प्रकल्पाने परवाना-दुरुस्तीचा अर्ज केल्यावर होईल, आणि सोडण्याच्या मर्यादा आहेत त्याच राहतील. मर्यादा कडक आहेत हे मला माहीत होतं. पिण्याच्या पाण्यात ट्रिटियमला लिटरमागे २०,००० पिकोक्युरीची मर्यादा आहे, आणि मी ज्या नमुन्यांवर काम केलं त्यांत आकडे तिच्या कितीतरी खाली असत. माझी चिंता नदी उद्या विषारी होईल ही नव्हती. वाढ होणार असेल तर ती किती, हे खाली राहणाऱ्यांना आधी कळावं, एवढंच म्हणणं होतं.

त्या रात्री बाबांना फोन लावला. भट्टीतून काढलेली इंधननळ्यांची बंडलं आधी पाण्याच्या हौदात ठेवतात, त्याबद्दल विचारायचं होतं. तिकडे सकाळ, चहा चालला होता.

"बाबा, जास्त जळालेलं बंडल बाहेर काढलं की हौदात किती दिवस ठेवायचं?"

"दिवस काय विचारतेस? वर्षं विचार." मग थोडं थांबून म्हणाले, "आधी बघायचं किती गरम आहे. कुठल्या फेरीत भरलं, कुठे बसवलं होतं, किती जळालं, कधी काढलं, सगळं रजिस्टरला असतं. नवं बंडल दोन माणसं शेजारी उभं राहून तपासतात. जुनं काढलं की त्याला पाण्यावर आणायचं नाही. कितीही वर्षं झाली तरी."

"आता ते जास्त जाळणार आहेत. म्हणजे बंडलं कमी निघतील."

"कमी निघतील, पण एकेक जास्त तापलेलं. कोरड्या पिंपात घालायचं तर पिंपाला उष्णता झेपली पाहिजे. तोवर ते पाण्यातच. तू त्यांना एवढंच विचार, की हौदात जागा किती उरलीय आणि हे किती वर्षं तिथे बसणार."

माझ्या पत्रातला दुसरा प्रश्न हा असा बोईसरहून आला. बाबांनी जे सांगितलं त्याला अभियांत्रिकीत नाव आहे. क्षय-उष्णता. भट्टी बंद झाली तरी आतली द्रव्यं क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बर्नअप वाढवलं की दीर्घकाळ टिकणारी जड मूलद्रव्यं जास्त साठतात, म्हणून काही वर्षांनंतरही इंधन तुलनेने गरमच राहतं. एकूण बंडलं कमी, हे फायद्याच्या बाजूला. प्रत्येक बंडल जास्त काळ पाण्यात, हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू एका पानावर मांडा, एवढं मी मागितलं.

पत्र लिहायला बसले तेव्हा जे करायचं नाही ते आधी ठरवलं. "माझा पाठिंबा आहे" किंवा "माझा विरोध आहे" असं एकही वाक्य नको. कायद्याने आयोगाला मतं मोजायची नसतात, मुद्द्यांना उत्तर द्यायचं असतं. १९६९ च्या पर्यावरण धोरण कायद्याने सरकारी खात्यांवर हे बंधन घातलं. अणुऊर्जेच्या बाबतीत ते खरोखर पाळायला १९७१ मध्ये मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स प्रकल्पावरून कोर्टाचा निकाल यावा लागला. तेव्हाच्या अणुऊर्जा आयोगाचं म्हणणं होतं की पर्यावरणाचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही तर सुनावणीत तो बघायची गरज नाही. कोर्टाने ते अमान्य केलं. म्हणून माझ्या प्रत्येक मुद्द्यात अहवालाचं पान, तक्ता, त्यातला आकडा, आणि त्या आकड्यावरचा एकच प्रश्न. पत्र लहान झालं. ते आयोगाच्या नोंदीत माझ्या नावानिशी चढलं आणि आजही कोणालाही वाचता येतं.

अंतिम अहवाल २०२४ मध्ये आला. आलेल्या मुद्द्यांची गटवारी करून त्यांना दिलेली उत्तरं सोबत होती. रेडॉनचा मुद्दा त्यांनी जुन्या अभ्यासांच्या आधाराने सोडवला. मला तो पूर्ण पटला नाही, पण आधार कुठला ते लिहिलेलं असल्यामुळे पुढे वाद घालायला जागा आहे. वाहतुकीचं विवेचन माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच खोल होतं. त्यासाठी मनुष्यतास खर्ची पडले आहेत हे वाचताना जाणवतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. वापरलेलं इंधन किती वर्षं प्रकल्पातच राहणार हा प्रश्न मात्र दुसऱ्या दस्तऐवजाकडे वळवला गेला. २०१४ चा सततच्या साठवणीचा नियम. त्यात तीन शक्यता धरल्या आहेत: परवाना संपल्यानंतर ६० वर्षं, त्यापुढे आणखी १०० वर्षं, आणि दफनभूमी कधीच झाली नाही तर अनिश्चित काळ.

मला सगळ्यात खटकलं ते हे. नदीचा प्रश्न प्रकल्पाच्या अर्जात. हौदाचा प्रश्न २०१४ च्या नियमात. भट्टीतल्या अपघाताचा प्रश्न सुरक्षा मूल्यमापनात, ते वेगळं. इंधनाचा प्रश्न या अहवालात. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी नीट तपासलेला आहे, कोणी चुकारपणा केलेला नाही. पण जास्त समृद्ध इंधन म्हणजे जास्त बोरॉन, जास्त बर्नअप म्हणजे हौदात जास्त वर्षं, आणि हे सगळं एकाच नदीच्या एकाच काठावर, असं जोडून बघणारं एकही पान मला सापडलं नाही. ते पान लिहिलं जावं यासाठी मी पुढेही लिहिणार आहे.

कागदावर सगळं कळत नाही, याचं उदाहरण जवळच आहे. २००५ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या कटॉबा प्रकल्पात अण्वस्त्रांतल्या प्लुटोनियमपासून केलेल्या मॉक्स इंधनाचे चार नमुने भरले. ते फ्रान्समध्ये तयार होऊन जहाजाने चार्ल्सटनला आले होते. त्याही वेळी स्थानिक पर्यावरणवादी संघटनेने सुनावणी मागितली होती आणि खूप कागद हलले होते. भट्टीत दोन फेऱ्या झाल्यावर ते नमुने अपेक्षेपेक्षा जास्त लांब वाढल्याचं दिसलं आणि तिसरी फेरी न देता ते काढून घेतले. हे कळलं ते प्रत्यक्ष नमुने घातल्यामुळे. म्हणून व्होगलच्या दुसऱ्या भट्टीत ६ टक्क्यांपर्यंत समृद्ध इंधनाचे फक्त चार नमुने घालायला २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२५ मध्ये ते घातले, तेव्हा मला बरं वाटलं. आधी चार घाला, काढून तपासा, मग पुढे जा. माझी मागणी एवढीच, की त्या चारांच्या तपासणीचे निष्कर्ष सगळ्यांना वाचता येतील अशा जागी ठेवावेत.

बाबांना हे सगळं सांगताना तारापूर येतच राहतं. १९६९ मध्ये तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या सुरू झाल्या त्या अमेरिकन इंधनावर, १९६३ च्या करारानुसार. १९७४ च्या पोखरणनंतर ते इंधन अडकायला लागलं. १९७६ मध्ये तारापूरला इंधन पाठवावं का यावर एनआरसीने वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी घेतली. अमेरिकन पर्यावरणवादी संघटनांनी ती मागितली होती. १९८० मध्ये आयोगाच्या पाचही सदस्यांनी परवाना नाकारला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो डावलून इंधन द्यायचं ठरवलं, आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी ते निभावलं. पुढे १९८० च्या दशकात फ्रान्सचं इंधन आलं, १९९५ मध्ये चीनचं, २००१ मध्ये रशियाचं. मधल्या काळात तारापूरमध्येच तयार केलेलं मॉक्सही भरलं गेलं. वापरलेलं इंधन करारांच्या वादात वर्षानुवर्षं तिथेच साठवलेलं.

माझं बालपण गेलं त्या गावाशेजारच्या इंधनावर वॉशिंग्टनमध्ये सुनावणी झाली, आणि चिंचणी, दांडी, घिवलीच्या लोकांना विचारायची काही सोयच कायद्यात नव्हती. आपला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, पर्यावरण परिणाम अभ्यासाची अधिसूचना १९९४ ची, आणि जनसुनावणी सक्तीची झाली ती १९९७ मध्ये. त्यानंतरचा जैतापूरचा अनुभव लोकांना आठवत असेल. २०१० च्या मे महिन्यात माडबनला सुनावणी झाली तेव्हा अहवालाची मराठी प्रत वेळेत हातात आली नाही ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. मी इथे महिनाभर तक्ते उलगडत बसले, तरी धाप लागली. आठवडाभरात कोणी काय वाचणार? अणुभट्टीतलं इंधन बदलताना आपल्याकडेही मसुदा बाहेर यावा, मराठीत यावा, पुरेसे दिवस आधी यावा आणि आलेल्या प्रश्नांना लेखी उत्तर मिळावं. तारापूरला, जैतापूरला, दोन्हीकडे.

आता इथलं पुढचं. ५ टक्क्यांवरच्या इंधनाने पूर्ण भट्टी भरायची तर प्रत्येक प्रकल्पाला वेगळा अर्ज करावा लागेल. अर्जाची सूचना सरकारी राजपत्रात येते. तेव्हापासून प्रतिक्रियेला साधारण ३० दिवस आणि सुनावणी मागायला ६० दिवस मिळतात. व्होगलचा अर्ज येईल त्या दिवसासाठी बोरॉन, ट्रिटियम आणि हौदातली जागा हे तीन प्रश्न मी लिहून तयार ठेवले आहेत. शार्लटच्या मंडळींजवळ कटॉबा आणि मॅकग्वायर आहेत, शिकागोवाल्यांजवळ ब्रेडवुड आणि ड्रेस्डेन, न्यू जर्सीत सेलम आणि होप क्रीक. आपल्या प्रकल्पाच्या नावाने सूचना येताच ती उघडा, आणि तक्ता एस-३ च्या तळटिपांपासून वाचायला लागा. पत्राचा मसुदा दाखवायचा असेल तर मला पाठवा, मी वाचून देईन. बाबाही वाचतील. हौदाबद्दल काही विचारलं असेल तर आधी त्यांच्याकडेच देईन.